राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचे संयोजन : वाराणसीच्या निमित्ताने

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांपुढील व्याख्यानाचा संपादित भाग)

४ जानेवारी २०२६ रोजी वाराणसीच्या सिगरा भागातील डॉ. संपूर्णानंद क्रीडा संकुलात ७२ व्या राष्ट्रीय व्हॉलीबॉल स्पर्धेला प्रारंभ झाला. पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे स्पर्धेचे उद्घाटन केले. ११ जानेवारीपर्यंतच्या या स्पर्धेसाठी विविध राज्यांचे आणि संस्थांचे मिळून ५८ संघ व हजाराहून अधिक खेळाडू येणार असल्याचे जाहीर करण्यात आले होते. अशा स्पर्धेचे उद्घाटन वृत्तपत्रांत येते आणि शेवटच्या दिवशी निकाल येतो. या दोन बातम्यांच्या मध्ये जे घडते, किंबहुना पहिल्या बातमीच्या सहा महिने आधीपासून जे घडवावे लागते, त्याची नोंद सहसा होत नाही. विद्यार्थी मित्रहो, आजचा विषय तोच आहे.

काशी आणि व्यायाम यांचे नाते जुने आहे. गंगेच्या घाटांवरील आखाडे, जोडी आणि गदा फिरविण्याची परंपरा प्रसिद्धच आहे. मराठी माणसाच्या दृष्टीने त्यात एक जिव्हाळ्याचा धागा असा, की दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ज्या मल्लखांबविद्येचे पुनरुज्जीवन केले, ती पेशवाईच्या अस्तानंतर ब्रह्मावर्त आणि काशीकडेही गेली. मात्र आखाड्याची कुस्ती आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा यांत मोठे अंतर आहे. आखाड्यात वस्तादाचा शब्द हाच नियम असतो. राष्ट्रीय स्पर्धेत केरळच्या खेळाडूने आणि पंजाबच्या पंचाने एकच नियमपुस्तिका वाचलेली असावी लागते.

हे अंतर आपल्या देशी खेळांनी कसे कापले, हे महाराष्ट्राच्या इतिहासात स्पष्ट दिसते. खो-खोची नियमावली करण्याचे काम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने हाती घेतले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा विजयवाडा येथे झाली ती १९५९-६० मध्ये. हुतूतू, चेडुगुडू, हाडूडू अशा नावांनी प्रांतोप्रांती खेळल्या जाणाऱ्या खेळाचा 'कबड्डी' म्हणून देशपातळीवरील महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला आणि १९५२ मध्ये मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. म्हणजे परदेशातील प्रात्यक्षिक आधी आणि स्वदेशातील अजिंक्यपद सोळा वर्षांनी. व्हॉलीबॉलचा मार्ग थोडा निराळा होता. १९३६ मध्ये लाहोर येथे पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली, तेव्हा या खेळाचा कारभार भारतीय ऑलिंपिक संघटनेकडे होता. स्वतंत्र महासंघ १९५१ चा. वाराणसीच्या स्पर्धेचा बहात्तरावा क्रमांक या महासंघाच्या परंपरेतील आहे.

आता प्रशासनाचा भाग. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत क्रीडा हा विषय राज्यसूचीत, ३३ व्या नोंदीत आहे. म्हणजे मैदान राज्याचे आणि पोलीस बंदोबस्तही राज्याचा. पण राष्ट्रीय स्पर्धा भरविण्याचा अधिकार राज्य सरकारकडे नाही आणि केंद्र सरकारकडेही नाही. तो राष्ट्रीय क्रीडा महासंघाकडे असतो, आणि महासंघ ही नोंदणीकृत खासगी संस्था असते. केंद्र सरकार या संस्थेला मान्यता देते, आर्थिक साहाय्य देते आणि त्याबदल्यात नियमित राष्ट्रीय स्पर्धा, ठरल्या मुदतीत निवडणुका, हिशेबांची तपासणी अशा अटी घालते. २०११ ची राष्ट्रीय क्रीडा विकास संहिता याच अटींची होती. संघराज्याचा अभ्यास करणाऱ्यांनी हा त्रिकोण नीट पाहावा : खर्चाचा मोठा वाटा एकाचा, अधिकार दुसऱ्याचा आणि मान्यता तिसऱ्याची.

यजमान शहराच्या वाट्याला प्रथम येतो तो मुक्कामाचा प्रश्न. व्हॉलीबॉलच्या संघात १२ खेळाडू धरले आणि प्रशिक्षक, साहाय्यक व व्यवस्थापक असे तिघे धरले, तर ५८ संघांची माणसे ८७० होतात. बारांऐवजी चौदा खेळाडू आले की हीच संख्या ९८६ वर जाते. पंच, तांत्रिक अधिकारी आणि निरीक्षक वेगळेच. वाराणसीत अलीकडे क्रीडाविषयक बांधकाम बरेच झाले आहे. खेलो इंडिया आणि स्मार्ट सिटी अभियानांतर्गत सिगरा संकुलाच्या पुनर्विकासाच्या दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याचे उद्घाटन २० ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. त्याचा खर्च २१० कोटी रुपयांहून अधिक होता. त्याच दिवशी लालपूरच्या डॉ. भीमराव आंबेडकर क्रीडा संकुलात मुलांसाठी व मुलींसाठी १०० खाटांच्या वसतिगृहांचेही उद्घाटन झाले. पण प्रशिक्षण केंद्राचे वसतिगृह हे बारा महिने राहणाऱ्या खेळाडूंच्या हिशेबाने बांधलेले असते. एका आठवड्यासाठी हजार माणसे आली, की महाविद्यालयांची वसतिगृहे, धर्मशाळा आणि हॉटेले यांचाच आधार घ्यावा लागतो. काशीला परगावच्या माणसांची सवय आहे, हे खरे. तथापि ३ जानेवारीला पौष पौर्णिमा होती, त्याच दिवशी प्रयागराजचा माघ मेळा सुरू झाला, आणि प्रयागला जाणारा यात्रेकरू काशी सहसा चुकवीत नाही. खोल्या तेव्हा आधीच अडविलेल्या असाव्या लागतात.

शिवाय गंगेच्या खोऱ्यातील जानेवारी म्हणजे धुके. मुंबईहून महानगरी एक्सप्रेसने निघालेल्या संघाचा प्रवास वेळेवर झाला तरी एका दिवसाहून अधिक असतो. धुक्यात गाडी किती रखडेल हे स्टेशनमास्तरही सांगू शकत नाही. म्हणून जाणता संयोजक दूरच्या संघांचा पहिला सामना पहिल्या दिवशी सकाळी ठेवीत नाही. उतरण्याची स्थानके तीन : वाराणसी जंक्शन, बनारस (पूर्वीचे मंडुवाडीह) आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन (पूर्वीचे मुगलसराय). स्वागतकक्ष एकाच ठिकाणी मांडला, तर एखादे पथक दुसऱ्या स्थानकावर मध्यरात्री कुडकुडत बसते.

सामन्यांचे वेळापत्रक हा गणिताचा विषय आहे आणि परीक्षार्थींना तो आवडावा. एका विभागात ३२ संघ आहेत असे समजू. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे ठरविल्यास ४९६ सामने होतात. ते आठ दिवसांत अशक्य. केवळ बाद पद्धत ठेवल्यास ३१ सामन्यांत निकाल लागतो, पण निम्मे संघ एकच सामना खेळून परतीची गाडी पकडतात. हजार-दीड हजार किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या खेळाडूवर हा अन्यायच म्हटला पाहिजे. मधला मार्ग असा : चार-चार संघांचे आठ गट, प्रत्येक गटात ६ असे ४८ साखळी सामने, मग प्रत्येक गटातील पहिले दोन असे १६ संघ बाद फेरीत, तेथे १५ सामने आणि तिसऱ्या क्रमांकासाठी आणखी एक. एकूण ६४. पुरुष व महिला मिळून १२८. साखळी पाच दिवसांत संपवायची तर रोज १९-२० सामने. एकास सरासरी दीड तास धरला, तर सुमारे ३० तासांचा खेळ. चार मैदाने असतील तर प्रत्येकावर साडेसात तास. दोनच असतील तर पंधरा तास, आणि मग रात्री अकराला खेळलेल्या संघाला सकाळी आठला पुन्हा उभे करण्याची पाळी येते.

हा हिशेब मांडता येतो, याचे श्रेय एका नियमबदलालाही आहे. पूर्वी सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळे, त्यामुळे डाव किती लांबेल याचा भरवसा नसे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक चढाओढीला गुण देण्याची पद्धत आली. चार डाव २५ गुणांचे, निर्णायक पाचवा १५ चा. दूरचित्रवाणीसाठी हा बदल झाला असे म्हटले जाते. संयोजकाचे काम मात्र त्याने निश्चित सोपे केले.

पंचांकडे कोणाचे लक्ष नसते. एका सामन्याला दोन पंच, एक गुणलेखक, एक साहाय्यक गुणलेखक आणि चार रेषापंच अशी आठ माणसे लागू शकतात. चार मैदानांवर एकाच वेळी बत्तीस. आलटून-पालटून विश्रांती द्यायची, तर पन्नासच्या आसपास. पुरुषांची जाळी २.४३ मीटर आणि महिलांची २.२४ मीटर, एकाच मैदानावर दोन्ही सामने असतील, तर दर वेळी उंची बदलून मोजावी लागते, आणि ही मोजपट्टी धरणारा माणूस चुकला तर पुढची सारी व्यवस्था व्यर्थ. उत्तेजक-प्रतिबंधक तपासणीसाठी स्वतंत्र खोली, महिला खेळाडूंच्या निवासाची सुरक्षितता, डॉक्टर व रुग्णवाहिका ही बंधनकारक कामे आहेत. त्यांत सवलत नाही.

या सर्वांचा पैसा कोठून येतो, हा 'हौशी' शब्दाशी निगडित प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियात १९६० च्या दशकात रग्बीच्या सरावातून टच फुटबॉल नावाचा खेळ निघाला. झटापट न करता केवळ स्पर्शाने प्रतिस्पर्ध्याला थांबवायचे, सहा-सहा खेळाडूंचे संघ, स्त्री-पुरुष मिश्र संघही. आपल्या आट्यापाट्यांची आठवण व्हावी असाच तो आहे. तेथे नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी खेळणारे लोक स्वतः नोंदणी शुल्क भरतात आणि त्यावर संघटनेचे बरेचसे काम चालते. खेळाडू हाच आश्रयदाता. भारतात हौशीपणाचा अर्थ असा कधी झाला नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधवांच्या प्रवासाचा पैसा लोकवर्गणीतून उभा करावा लागला, हे सर्वश्रुत आहे. पुढे रेल्वे, सेनादले, पोलीस, बँका आणि सार्वजनिक उपक्रम यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या आणि तोच आपल्या हौशी खेळाचा कणा झाला. राष्ट्रीय स्पर्धेत राज्यांबरोबर रेल्वे आणि सेनादलांचे संघ उतरतात, ते यामुळेच. व्हॉलीबॉलमध्ये २०२२ पासून व्यावसायिक लीगही आहे. पण लीगच्या लिलावात बोली लागते ती थोड्यांवर. उरलेल्यांची आशा एका कागदावर असते.

तो कागद म्हणजे सहभागाचे किंवा प्रावीण्याचे प्रमाणपत्र. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने ते लागू झाले आणि १ जुलै २०१६ च्या निर्णयाने त्याचे निकष सुधारले. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते. पडताळणीत पाहिले जाते ते खेळाडूचे कौशल्य नव्हे, तर स्पर्धा अधिकृत होती काय, संघटना मान्यताप्राप्त होती काय आणि नोंदवहीत नाव आहे काय. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यावर ही चाळणी अधिक बारीक झाली. केंद्रानेही १ जून २०२३ पासून मान्यताप्राप्त महासंघांची प्रमाणपत्रे डिजिलॉकरमार्फत देण्याची व्यवस्था केली.

पण संघटनाच वादात सापडली तर? याचे ताजे उदाहरण पुण्याचेच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने भारतीय कुस्ती महासंघाच्या नव्या कार्यकारिणीस निलंबित केले आणि कारभार अस्थायी समितीकडे गेला. निलंबित महासंघाने जानेवारी २०२४ च्या अखेरीस पुण्यात राष्ट्रीय स्पर्धा भरविली; अस्थायी समितीने फेब्रुवारीच्या आरंभी जयपूरला दुसरी भरविली. पुण्याची स्पर्धा अमान्य समजली जाईल आणि तेथील प्रमाणपत्रांवर शासकीय लाभ मिळणार नाहीत, असे मंत्रालयाने आधीच कळविले होते. निलंबन मार्च २०२५ मध्ये उठले. मधल्या काळात घाम गाळणाऱ्या मल्लाने कोणत्या गावचे तिकीट काढावे, याचे उत्तर त्याच्या वस्तादाकडे नव्हते. व्हॉलीबॉलही अशा अनुभवातून गेला आहे. गटबाजीमुळे आंतरराष्ट्रीय महासंघाने भारतीय महासंघावर २०१६ मध्ये निलंबनाची कारवाई केली होती. फुटबॉलवर तीच पाळी ऑगस्ट २०२२ मध्ये आली. दोन गटांच्या भांडणात पदाधिकाऱ्यांची खुर्ची जाते. खेळाडूची मात्र वयोमर्यादा निघून जाते, आणि ती कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही.

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेला राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम पाहिला पाहिजे. १८ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. महासंघांच्या मान्यतेसाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ, तंट्यांसाठी राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण आणि निवडणुकांसाठी अधिकाऱ्यांचे पॅनेल अशी तीन अंगे त्यात आहेत. महासंघाच्या कार्यकारी समितीत जास्तीत जास्त पंधरा सदस्य, त्यांत किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू असावेत, अशी तरतूद आहे. न्यायाधिकरणाच्या निर्णयावर अपील सर्वोच्च न्यायालयाकडे. कायदा चांगला की अपुरा, हे त्याच्या वेगावर ठरेल. स्पर्धेचा हंगाम चार महिन्यांचा आणि निकाल दोन वर्षांनी, असे झाले तर जुनेच दुखणे नव्या नावाने राहील.

पारितोषिक वितरण झाले, की सभागृह रिकामे होते. संयोजकाचे काम मात्र संपत नाही. सर्व सामन्यांच्या गुणपत्रिका महासंघाकडे पाठवायच्या असतात, खर्चाची विनियोग प्रमाणपत्रे तयार करायची असतात, पंचांचा प्रवासभत्ता चुकता करायचा असतो. आणि प्रत्येक राखीव खेळाडूच्या नावाचे स्पेलिंग ओळखपत्राशी ताडून पाहायचे असते. आठ दिवस एकही चेंडू न खेळलेल्या त्या मुलीच्या प्रमाणपत्रावर एक अक्षर चुकले, तर तीन वर्षांनी पुण्याच्या किंवा नागपूरच्या पडताळणी कार्यालयातून ते परत येते, आणि तेव्हा वाराणसीच्या समितीतला माणूस शोधत फिरावे लागते.