विन्स्टन स्मिथचे एकाकीपण



जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाचा जन्म २५ जून १९०३ रोजी बिहारमधील मोतिहारी येथे झाला. बरोबर बहात्तर वर्षांनी, त्याच तारखेच्या रात्री, या देशावर आणीबाणी लादली गेली. हा निव्वळ योगायोग. परंतु त्याच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या १९४९च्या कादंबरीच्या भारतीय वाचकाला तो विसरता येत नाही.

कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ. नायक म्हणावे असे त्याच्यात फारसे काही नाही. वय एकोणचाळीस, प्रकृती तोळामासा, घोट्याच्या वर चिघळलेला व्रण. लंडनच्या ‘सत्य मंत्रालया’त तो नोकरीस आहे. जुन्या वृत्तपत्रांतील जो मजकूर सत्ताधारी पक्षाला आज अडचणीचा, तो बदलून पुन्हा लिहावयाचा, हे त्याचे काम. मूळ अंक भट्टीत जातो. एकदा तर तो ओगिल्व्ही नावाचा, कधी जन्मालाच न आलेला, वीर पुरुष लेखणीने उभा करतो. आणि या कामात त्याला आनंद वाटतो! म्हणजे हा माणूस केवळ यंत्राचा बळी नाही. त्याचा कुशल कारागीरही आहे.

यात अतिशयोक्ती मुळीच नाही. बेरियाचे १९५३ साली पतन झाले, तेव्हा सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांना त्याच्यावरील पाने कापून त्या जागी बेरिंग समुद्र वगैरेंची माहिती देणारी पाने लावण्याची सूचना गेली. ते पाहावयास ऑर्वेल उरला नव्हता. जानेवारी १९५० मध्येच तो क्षयाने निवर्तला होता.

विन्स्टन चोरून रोजनिशी लिहितो, ज्युलियावर प्रेम करतो. पण त्याची खरी तहान भूतकाळाची आहे. मद्यालयातील एका वृद्धास तो विचारतो, क्रांतीपूर्वीचे जीवन बरे होते की वाईट? वृद्धास जुनी उंच टोपी आठवते, बिअरचे माप आठवते. प्रश्नाचे उत्तर मात्र देता येत नाही. सेंट मार्टिनचे चर्च प्रचाराचे संग्रहालय झालेले आहे. लंडनच्या चर्चघंटांवरील एक विस्मृत बालगीत विन्स्टन तुकड्या-तुकड्यांनी गोळा करतो. काही ओळी जुन्या वस्तूंचा दुकानदार सांगतो, काही ज्युलिया, आणि शेवटची ओब्रायन. पुढे कळते, दुकानदार गुप्त पोलीस होता आणि ओब्रायन तर त्याचा छळ करणारा अधिकारी! उंदरांच्या पिंजऱ्याहूनही हे भयाण आहे. स्मृती एकेका डोक्यात तगत नाही. ती सणावारांत, आजीच्या गोष्टींत, चार माणसांच्या एकमेकांस सांगण्यात तगते. येथे ते सांगणारे तोंडही सत्तेच्याच ताब्यात गेले आहे. कुटुंब असले म्हणजे भागले, असेही नाही. शेजारच्या पार्सन्सला त्याची सात वर्षांची मुलगीच पकडून देते, आणि बाप तिचे कौतुक करतो!

आणीबाणीतही वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. ४ जुलै १९७५ रोजी संघावर बंदी आली, हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले. परंतु भूमिगत पत्रके हातोहात फिरत राहिली. कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी निषेधाचे शब्द उच्चारले. त्या संघाच्या विचारांच्या नव्हत्या, हे मुद्दाम सांगावयास हवे. सांगणाऱ्यास येथे ऐकणारा होता, आणि मार्च १९७७ मध्ये मतदाराने आपली आठवण मतपेटीत टाकली. विन्स्टनने विश्वासाने मन उघडे केले ते ओब्रायनपुढे.

सुटकेनंतर तो एका उपाहारगृहात बुद्धिबळाचा पट मांडून बसलेला असतो. अचानक त्याला लहानपणीची एक संध्याकाळ आठवते. मेणबत्तीचा उजेड, आई, हसणारी लहानगी बहीण आणि मध्ये सापशिडीचा पट. (हा खेळ मूळचा आपला!) ती आई पुढे महिनाभरातच नाहीशी झाली होती. विन्स्टन क्षणभर त्या आठवणीत रमतो. मग ती खोटी आठवण आहे असे ठरवून तो ती मनातून दूर सारतो आणि पुन्हा बुद्धिबळाच्या पटाकडे वळतो. मंत्रालयात इतरांच्या भूतकाळावर चालविलेली लेखणी आता त्याने, कोणी न सांगता, स्वतःवर चालविली आहे.