‘येते’, ‘जमते’, ‘झेपते’ आणि इंग्रजीचे ‘कॅन’

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी द्राक्षे निर्यात करणाऱ्या एका कंपनीत मुलाखतीला गेला होता. बागाईतदाराचा मुलगा, मालाची पारख उत्तम, इंग्रजी बेताची पण बोलण्यापुरती. साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘कॅन यू गेट बाय इन इंग्लिश?’ मुलाला ‘बाय’ एकच ठाऊक, विकत घेणे. त्याने नम्रपणे सांगितले, ‘नो सर, वुई ओन्ली सेल.’ साहेब हसले, मुलगा ओशाळला, आणि पुढे त्याच्या तोंडून शब्द फुटेना. नोकरी गेली. विचारले होते एवढेच, की बाबा रे, इंग्रजीत तुझे काम भागते का? आणि ते तर भागत होते!

दोष मी त्याला देत नाही. त्याला इंग्रजी आम्हीच शिकवली. सामर्थ्य दाखवायचे म्हटले की आम्ही फळ्यावर ‘कॅन’, ‘कुड’ आणि ‘एबल टु’ एवढे लिहून मोकळे होतो. आता आपल्या मराठीचा संसार पाहा. पोहायला शिकलेला माणूस म्हणतो, ‘मला पोहता येते.’ तापातून उठलेला म्हणतो, ‘आता चार पावले चालवते.’ आपले व्याकरणकार याला शक्य क्रियापद म्हणतात. पहिले अंगी असलेले कसब, दुसरे आजच्या देहाची ताकद. याखेरीज एखादे काम जमते, एखादे झेपते, एखादे निभावते. इंग्रजी ‘कॅन’ला यातला एकही भेद कळत नाही. म्हणून इंग्रज गरीब ठरतो का? नाही. त्याने हे भेद दुसऱ्या कोठारात ठेवले आहेत. गेट, टेक, पुल, मेक अशी चार-दोन अक्षरी क्रियापदे घ्यायची आणि त्यांच्यामागे बाय, ऑन, ऑफ, थ्रू असे एखादे अव्यय लावायचे. यांनाच फ्रेझल व्हर्ब म्हणतात.

आपल्या निफाडचेच उदाहरण घेऊ. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा खाली गेला, की बागाईतदाराची झोप उडते. पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, वेलींना पाणी सोडले जाते. एवढ्या धडपडीने वेली तगल्या, तर इंग्रजीत त्या ‘पुल्ड थ्रू’. ज्याने हे अवघड काम तडीस नेले, त्याने ते ‘पुल्ड ऑफ’ केले. शेजाऱ्याचीही बाग अंगावर घेतली, तर ‘टुक ऑन’. पाहा, ‘टेक ऑन’ला ‘अंगावर घेणे’ किती नेमके बसते! आणि धुक्यात समोरची ओळ दिसेना, तर तो म्हणेल, ‘आय कान्ट मेक आउट एनिथिंग.’ तलाठ्याचे अक्षर लागले नाही तरी तेच ‘मेक आउट’, फोन लागला नाही तर ‘गेट थ्रू’. आपण दोन्हीकडे ‘लागणे’ वापरतो. आता तलाठ्यांचे उतारेही संगणकावर निघतात, तेव्हा या उदाहरणाचे आयुष्य फारसे उरलेले नाही.

एका खड्ड्यात मात्र आपली मुले हमखास पडतात. ‘काल आम्हाला बाग वाचवता आली’ याचे ते करतात, ‘यस्टरडे वुई कुड सेव्ह द ग्रेप्स.’ इंग्रजाच्या कानाला हे अपुरे वाटते. त्याचा ‘कुड’ सांगतो की ताकद होती. त्या एका पहाटे काम फत्ते झाले, हे सांगत नाही. तिथे ‘मॅनेज्ड टु’ हवे, नाही तर सरळ ‘पुल्ड इट ऑफ’. नकारात मात्र ‘कुड नॉट’ खुशाल चालते, कारण जे झालेच नाही त्याला दोन अर्थ कुठून येणार?

त्या ‘गेट’ची कुळकथा गमतीची आहे. हा शब्द अस्सल इंग्रजी नव्हे. तो उत्तरेकडच्या नॉर्स लोकांबरोबर इंग्लंडात आला. त्यांच्या भाषेत ‘गेता’ म्हणजे मिळवणे, आणि शक्य होणेही! आइसलँडमध्ये आजही ‘मला करता येते’ म्हणताना हेच क्रियापद वापरतात. आपणही ‘मला मुंबई पाहायला मिळाली’ म्हणतो, तेव्हा मिळण्याला शक्यतेचीच छटा असते, आणि इंग्रज त्याला ‘आय गॉट टु सी मुंबई’ म्हणतो.

आमच्या परीक्षांना हे शब्द थोडे गावठी वाटतात. मुलगा ‘टॉलरेट’ लिहितो, ‘अकम्प्लिश’ लिहितो, त्याला गुण मिळतात. त्यांची मुळे लॅटिनमध्ये, म्हणून ते भारदस्त. न्यायमूर्ती रानडे १८४२ साली याच निफाडला जन्मले. त्यांच्यासारखे ग्रंथ लिहायचे तर भारदस्त शब्द हवेतच. पण गोदामात, बंदरावर, फोनवर कोणी ‘टॉलरेट’ म्हणत बसत नाही, ‘पुट अप विथ’ म्हणतो. अलीकडे मी वर्गात फ्रेझल व्हर्बच्या याद्या पाठ करून घेत नाही. आधी मुलांना मराठीत विचारतो: हे काम तुला येते, जमते, झेपते, की नुसते निभावते? उत्तर आले, की मग त्याचा इंग्रजी जोडीदार शोधायला लावतो. वेळ लागतो, अभ्यासक्रम मागे राहतो, आणि सहकारी कुरकुरतात.

तो विद्यार्थी आता पिंपळगावला एका व्यापाऱ्याकडे आहे. परदेशी गिऱ्हाइकांशी तोच बोलतो. गेल्या महिन्यात मी त्याला फोन केला, तो काही केल्या लागेना. संध्याकाळी त्याचाच आला. म्हणाला, ‘सर, यू कुडन्ट गेट थ्रू, ना? शीतगृहात होतो.’