परसबागेतले पाहुणे

अंगणात चिमण्या कमी दिसतात म्हणून आपण दाणे टाकतो. पण तेवढ्याने भागत नाही. चिमणी स्वतः दाणे खाते, पिल्लांना मात्र बहुतेक अळ्या-किडेच भरवते. वांग्या-भेंडीवर विषारी फवारणी केली की त्यांचा घास जातो, आणि तेच विष आपल्या पोरांच्या ताटातही येतं. तेव्हा परसबागेत विषारी फवारणी बंद!

वाफ्यात काठीला आडवी काठी बांधून पक्षीथांबा रोवा. कोतवाल त्यावर बसून किडे टिपतो. कढीपत्त्याच्या फळांना बुलबुल येतो, जास्वंदीच्या मधाला शिंजीर. उथळ परळात पाणी ठेवा, रोज बदला.

सकाळी १० मिनिटं बघा, कोण आलं, काय टिपलं. पुढच्या बैठकीत बचत भरताना प्रत्येकीने आपला एक पक्षी सांगायचा.