रुग्णशय्येवरील प्रसन्नता
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं वक्त्यानें देवळाच्या पायाचे दगड, जुने धर्मगुरु व मागील पिढीचे उपकार यांविषयीं बोलावें असा प्रघात आहे. तें काम माझ्याहून जाणत्या मंडळींनीं काल उत्तम रीतीनें केलें. मला तरुणांपुढें बोलावयास सांगण्यांत आलें, म्हणून मीं एका तरुण मुलीचीच हकीकत निवडली आहे. ही मुलगी मठांत राहिली नाहीं, तिनें संस्था स्थापिली नाहीं कीं ग्रंथ लिहिला नाहीं. ती टेनिस खेळे, पोहे, गाणीं गाई, मैत्रिणींबरोबर कॉफी पिण्यास जाई, आणि शाळेंत एका वर्षीं नापासहि झाली होती. ही शेवटली गोष्ट ऐकून मागील बांकांवरील कांहीं चेहरे उजळलेले मला येथून दिसत आहेत!

तिचें नांव कियारा बादानो. उत्तर इटलींतील लिगुरिया प्रांतांत सास्सेल्लो नांवाचा डोंगराळ गांव आहे, तेथें २९ ऑक्टोबर १९७१ रोजीं तिचा जन्म झाला. बाप रुज्जेरो ट्रक चालवीत असे. आई मारिया तेरेसा. लग्नानंतर अकरा वर्षें वाट पाहून व प्रार्थना करून त्यांना हें एकच अपत्य लाभलें होतें. अशा लेकराचे लाड किती होतात हें मीं सांगावयास नको. परंतु आई शहाणी होती. एकदां तिनें मुलीस सांगितलें कीं, तुझ्या खेळण्यांतील कांहीं गरीब मुलांसाठीं काढून ठेव. कियारानें नवीं, चांगलीं खेळणीं निवडून बाजूस काढलीं. आईस नवल वाटलें, तेव्हां तिनें उत्तर दिलें कीं, ज्यांच्यापाशीं कांहींच नाहीं त्यांना मोडकीं खेळणीं कशीं द्यावयाचीं?

नऊ वर्षांची असतां आईबापांसह तिचा ‘फोकोलारे’ या चळवळीशीं संबंध आला. ही चळवळ कियारा लुबिक या बाईंनीं १९४३ सालीं, युद्धाच्या धामधुमींत, त्रेंतो शहरांत सुरू केली होती. पुढें शिक्षणासाठीं बादानो कुटुंब सावोना शहरीं जाऊन राहिलें. नापास होण्याचा प्रसंग तेथलाच. तिला फार वाईट वाटलें, पण पुन्हां त्याच वर्गांत बसून तिनें अभ्यास केला. डॉक्टर होऊन आफ्रिकेंतील मुलांची सेवा करावी असा तिचा मानस होता. तूं आपल्या मित्रमैत्रिणींशीं येशूविषयीं बोलतेस काय, असें आईनें एकदां विचारलें. त्यावर ती म्हणाली कीं, बोलण्यापेक्षां मी त्यांचें ऐकून कसें घेतें, कशी वागतें, यावरूनच तो त्यांना कळला पाहिजे.

१९८८ च्या उन्हाळ्यांत टेनिस खेळतांना तिच्या खांद्यांत तीव्र कळ आली. प्रथम कोणास कांहीं विशेष वाटलें नाहीं. खेळणाऱ्या मुलांचे खांदे दुखतातच. पण दुखणें हटेना. अखेर तपासणीअंतीं हाडांचा कर्करोग असल्याचें निष्पन्न झालें. तेव्हां ती सतरा वर्षांची होती.

येथें विषयाबाहेर जाऊन दोन शब्द बोलतों, फादर मला क्षमा करतील. हा रोग विशेषेंकरून वाढत्या वयाच्या मुलांनाच गांठतो. गुडघ्याजवळ वा दंडाच्या वरच्या भागीं तो बहुधा होतो. मूल पडलें असेल, मार लागला असेल, असें समजून लेप व चोळणें यांत महिने निघून जातात. आठवडेच्या आठवडे न थांबणारें, रात्रीं झोंपमोड करणारें हाडाचें दुखणें असेल, किंवा सूज वाढत असेल, तर मुलास डॉक्टरकडे न्या व क्ष-किरणांनीं तपासून घ्या. रोग एकाच जागीं असतांना पकडला आणि औषधें व शस्त्रक्रिया दोन्ही पूर्ण मिळालीं, तर आज दहांपैकीं सहा-सात मुलें पांच वर्षांनंतरहि हयात असतात. परळचें टाटा रुग्णालय १९४१ पासून आपल्या दाराशीं आहे. तेथें जाण्यास लाजूं नका, आणि त्या रोगाचें नांव घेतल्यानें तो घरांत शिरतो असेंहि मानूं नका.

कियारावर तुरिन शहरीं शस्त्रक्रिया झाली आणि कडक औषधें सुरू झालीं. आतां मी जी गोष्ट सांगणार आहें ती तिच्या आईनें सांगितलेली आहे, व माझ्या मतें या सर्व चरित्राचें मर्म तींत आहे. उपचाराच्या आरंभीं एके दिवशीं कियारा रुग्णालयांतून घरीं आली. आपला रोग काय आहे व तो किती भयंकर आहे हें तिला कळून चुकलें होतें. आईनें कांहीं विचारूं जातांच ‘आतां बोलूं नकोस’ एवढेंच ती म्हणाली व कोट न काढतां बिछान्यावर पडली. पंचवीस मिनिटें ती तशीच पडून होती. आई शेजारीं मुकाट्यानें बसून राहिली. मग मुलीनें मान वळविली. तिच्या मुखावर नेहमीचें हास्य होतें, आणि आतां बोलण्यास हरकत नाहीं असें तिनें आईला सांगितलें.

श्रोतेहो, त्या पंचवीस मिनिटांवरून घाईनें पुढें जाऊं नका. साधुसंतांचीं चरित्रें लिहिणारे पुष्कळदां येथेंच चुकतात. जणूं ही माणसें दुःखाची वार्ता ऐकतांच टाळ्या पिटूं लागलीं! तसें कांहीं नाहीं. सतरा वर्षांच्या मुलीस जगावयाचें होतें. तिला टेनिस, समुद्र, आफ्रिका हीं सर्व हवीं होतीं. तीं सोडून देण्यास तिला पंचवीस मिनिटें लागलीं. आपल्यापैकीं कित्येकांना पंचवीस वर्षें पुरत नाहींत. त्या वेळांत ती देवाशीं भांडली कीं रडली, हें आईसहि दिसलें नाहीं.

औषधांनीं डोक्यावरील केस गळूं लागले. तरुण मुलीस ही केवढी शिक्षा! प्रत्येक बट गळतांना ती येशूस उद्देशून, हें तुझ्यासाठीं, असें म्हणे. रुग्णालयांत अमली पदार्थांच्या नादीं लागलेली एक खिन्न मुलगी होती. कियारा स्वतःच्या वेदना बाजूस सारून तिच्याबरोबर ओवऱ्यांतून फेऱ्या घाली. विश्रांति घे म्हणून कोणीं सांगितलें, तर पुढें झोंपावयास मला पुष्कळ वेळ मिळणार आहे, असें तिचें हंसत दिलेलें उत्तर ठरलेलें असे. पुढें पायांतील शक्ति गेली व हिंडणें संपलें.

वेदना अतिशय वाढल्या असतांहि तिनें मॉर्फिन घेण्याचें नाकारलें, कारण त्यानें मन झांकोळतें व येशूस अर्पण करण्यास आपल्यापाशीं वेदनांवांचून दुसरें कांहीं उरलें नाहीं, असें ती म्हणे. ही गोष्ट सांगतांना मला नेहमीं भीति वाटते. ती निवड तिची होती, तिनें स्वतः केलेली होती. यावरून कोणीं घरच्या रुग्णाच्या वेदनाशामक औषधाला हात आखडतां घेईल, तर तें पाप होईल. पोप बारावे पायस यांनीं २४ फेब्रुवारी १९५७ रोजीं डॉक्टरांपुढें स्पष्ट सांगितलें आहे कीं, वेदना शमविण्यासाठीं औषध घेणें ख्रिस्ती मनुष्यास सर्वस्वीं उचित आहे.

आतां बापाची गोष्ट. मुलगी सर्वांदेखत हंसते, पण एकटी असतांना काय करीत असेल? आम्हांस बरें वाटावें म्हणून तर हें सोंग नसेल? रुज्जेरोच्या मनांत हा किंतु आला, व एकदां त्यानें कुलुपाच्या भोंकाला डोळा लावून आंत पाहिलें. ती एकटी असतांनाहि तशीच होती. संतपदाच्या चौकशींत पुष्कळ विद्वान साक्षीदार येतात, पण दाराशीं वांकून उभा असलेला हा ट्रकवाला मला सर्वांत विश्वासू साक्षीदार वाटतो.

१९९० च्या फेब्रुवारींत, संत व्हॅलेंटाइनच्या दिवशीं, तिनें आईबापांस जबरदस्तीनें घराबाहेर काढलें. उपाहारगृहांत त्यांच्यासाठीं मेज अगोदरच सांगून ठेवलें होतें. एकमेकांच्या डोळ्यांत पाहा आणि मध्यरात्रीपूर्वीं परत येऊं नका, अशी आज्ञा! ही नुसती थट्टा नव्हे. आपण गेल्यावर या दोघांनाच एकमेकांच्या सोबतीनें राहावयाचें आहे, हें ती जाणून होती व त्यांना त्याची संवय लावीत होती.

आपल्याकडे आजाऱ्यास भेटण्यास लोक जातात तेव्हां काय होतें? उशाशीं बसून उसासे टाकतात, अमक्याचा भाऊ याच रोगानें कसा गेला तें सांगतात, आणि ओट्यावर येऊन कुजबुजतात, ती आंत ऐकूं येतेच. रोग्याला रोगाचें नांव ठाऊक नसतें, पण साऱ्या आळीला ठाऊक असतें. कियाराच्या खोलींत तिला धीर देण्यास आलेले मित्र स्वतःच धीर घेऊन बाहेर पडत. कारण तेथें लपवाछपवी नव्हती. जिला मरावयाचें होतें तिच्याशीं लोक मरणाविषयींहि बोलूं शकत आणि गाण्यांविषयींहि.

गाणीं तर तिनें स्वतःच निवडलीं, आपल्या अंत्यविधीचीं! त्यास ती लग्न म्हणे. वधूसारखा साधा पांढरा पोशाख तिनें शिवून घेतला. तो मला घालतांना रडूं नकोस, आतां कियारा लूचे येशूला पाहात आहे असें म्हणत जा, असें तिनें आईला बजावलें. ‘लूचे’ म्हणजे प्रकाश. हें नांव तिला कियारा लुबिक यांनीं दिलेलें होतें.

७ ऑक्टोबर १९९० रोजीं, रविवारीं पहांटे, रोझरीमातेच्या सणाच्या दिवशीं तिनें देह ठेविला. एकोणिसावें वर्ष पूर्ण होण्यास तीन आठवडे उरले होते. मी सुखी आहें, तूंहि सुखी राहा, असें आईला सांगून तिनें निरोप घेतला. २५ सप्टेंबर २०१० रोजीं रोमनजीक दिव्य प्रेमाच्या मातेच्या देवस्थानीं तिला धन्यवादित घोषित करण्यांत आलें. तेव्हां तिचे आईबाप समोर बसलेले होते. देवसभेच्या इतिहासांत हें दृश्य फार विरळा.

तिचे नेत्र तिच्या इच्छेप्रमाणें दान करण्यांत आले व त्यांतील पारदर्शक पटलें दोन तरुणांना बसविलीं गेलीं. नेत्रदानाच्या नोंदणीचे कागद आज फादरांच्या कचेरींत ठेविलेले आहेत असें मला आतांच कळलें. ज्यांना नांव द्यावयाचें असेल त्यांनीं जेवणापूर्वीं तिकडे जावें.