दात पडला, तर दाखला कोणाचा?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्य व्याख्यानाचा संपादित मजकूर)



चाकण-भोसरीला शिफ्टला जाणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. मोशीच्या पुढचा नाशिक महामार्ग, तळेगाव-चाकण रस्ता, तिथले कंटेनर आणि पावसाळ्यातले खड्डे मी तुम्हाला काय सांगायचे! दुचाकीवरून तोंडावर पडलेला माणूस माझ्याकडे येतो, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतो: "डॉक्टर, क्लेमला तुमचं सर्टिफिकेट चालतं का? की त्याचे डॉक्टर वेगळे असतात?"

चालतं. अपघाताची दुखापत तपासण्यासाठी आपल्याकडे दंतवैद्याला वेगळी परीक्षा किंवा वेगळा परवाना नाही. इंटर्नशिप धरून पाच वर्षांचं बीडीएस आणि राज्य दंत परिषदेत नोंदणी, एवढ्यावर तो मत देऊ शकतो. जबडा मोडला असेल, तर पुढे तीन वर्षांचं एमडीएस करून जबड्याचा सर्जन झालेल्याचं मत घ्यावं.

कायदाही दाताला हलकं समजत नाही. हाड किंवा दात मोडणं, निखळणं ही 'जबर दुखापत' आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३२०मध्ये होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६मध्ये आहे.

मग अडतं कुठे? कागदावर. कंत्राटावर काम करणारा एक मुलगा माझ्याकडे आला, तेव्हा अपघाताला तीन महिने झाले होते. पुढचा दात काळा पडलेला. मार बसलेल्या दाताची नस अशी सावकाश मरते. पण पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर एवढंच होतं: ओठाला जखम, चार टाके. दाताचा शब्द नाही. आता समोरचा वकील विचारणारच, हा दात अपघातानेच गेला कशावरून? आधीच किडलेला, पायोरियाने हललेला नव्हता कशावरून? मी आज दिसतं ते लिहू शकते. त्या दिवशी न पाहिलेलं कसं लिहिणार?

दुसरा प्रश्न टक्क्यांचा. "मॅडम, जरा जास्त लिहा ना." राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच स्पष्ट केलंय: कायमचं अपंगत्व किती, एवढंच डॉक्टरने सांगायचं, त्यामुळे कमाई किती बुडाली, हे न्यायाधिकरण ठरवणार. उपचार न करता सढळ हाताने दाखले वाटणाऱ्यांपासून सावध राहा, असंही त्यात बजावलंय. दोन दात गेल्याने फिटरची मजुरी कदाचित बुडणार नाही; पण उपचाराचा खर्च, पुढे कॅप बदलण्याचा खर्च, सोसलेल्या वेदना हे सगळं मागता येतं. त्यासाठी फुगवलेले टक्के नकोत, नीट नोंदी हव्यात.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. वायसीएमला जा नाहीतर खासगीत, पहिल्याच दिवशी दात हलतोय हे सांगा आणि एमएलसीच्या कागदावर लिहून घ्या. दोन दिवसांत दंतवैद्याकडून दाताच्या नंबरासह नोंद, एक्स-रे आणि फोटो करून घ्या. घरातले दातांचे जुने एक्स-रे टाकून देऊ नका. अपघाताआधी दात कसा होता, याचा तोच पुरावा. बिलं जपा, आणि बरं वाटलं तरी काही महिने तपासणीला या. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२पासून लागू झाली. तिला कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण आपण त्या भरवशावर राहू नये.

आणि कागदाआधी दात! पक्का दात अख्खा निखळला, तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचला. माती असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा, घासू नका. जागेवर बसवता आला तर बसवा, नाहीतर दुधात घालून तडक या. अर्ध्या तासात आलात तर वाचण्याची आशा चांगली. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

शेवटचं. अर्धं हेल्मेट डोकं झाकतं, हनुवटी नाही. पूर्ण तोंड झाकणारं घ्या आणि पट्टा लावा. म्हणजे माझ्या दाखल्याची गरजच पडणार नाही.