ययातीनं काय परत केलं?



संयोजकांनी मला सांगितलं, "पाच-सात मिनिटं बोल, विषय तूच ठरव, फक्त कॉम्प्युटर नको." म्हणून आज वि. स. खांडेकरांविषयी बोलते. इंजिनिअर बाईनं कादंबरीकारावर बोलावं हे थोडं विचित्र वाटेल, पण खांडेकर मुळात शाळामास्तर होते. तेव्हा या व्यासपीठावर त्यांचा हक्क माझ्यापेक्षा जास्तच आहे.

१९२० साली ते कोकणात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९३८ पर्यंत तिथं शिकवत राहिले. त्यांची पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' १९३० मधली, म्हणजे मास्तरकीच्या काळातलीच. मग 'कांचनमृग', 'उल्का', 'दोन ध्रुव'. आपल्या आई-मावश्यांनी या कादंबऱ्या रात्री जागून वाचल्या. त्या काळात प्रेमकथा म्हटलं की दोन नावं जोडीनं यायची, फडके आणि खांडेकर. फडके 'कलेसाठी कला' म्हणायचे, खांडेकर 'जीवनासाठी कला'. खांडेकरांचे प्रेमिक एकमेकांवर प्रेम करता करता गरिबीचा, देशाचा, कर्तव्याचाही विचार करत बसतात. काहींना ते उपदेशाचं वाटतं, आणि तो आक्षेप अगदीच खोटा नाही.

पण त्यांच्या पुस्तकांची नावं बघा. 'कांचनमृग' रामायणातला, 'क्रौंचवध' वाल्मीकींच्या कथेतला. आजच्या प्रेमकथा लिहितानाही त्यांचं एक बोट जुन्या ग्रंथात होतंच. शेवटी १९५९ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी तो ग्रंथच उघडला आणि 'ययाति' लिहिली. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे १९७४ चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं, मराठीला मिळालेलं ते पहिलं ज्ञानपीठ.

आमच्या कामात जुनं सॉफ्टवेअर नव्यानं लिहायची वेळ वरचेवर येते. तेव्हा पहिला प्रश्न असतो, काय तसंच ठेवायचं आणि काय बदलायचं. लिहिणाऱ्याचं डोकं कळतं ते बदललेल्या ओळींवरून. 'ययाति' मी तशीच वाचते.

गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. देवयानी राणी, शर्मिष्ठा तिची दासी, राजाचं शर्मिष्ठेवर मन जडतं आणि शुक्राचार्यांच्या शापानं तो अकाली म्हातारा होतो. कुणी आपलं तारुण्य दिलं तरच सुटका. पुरू हा मुलगा ते देतो. एवढं खांडेकरांनी ठेवलं.

बदललं काय? पहिलं म्हणजे ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा, तिघंही 'मी' म्हणून आपापली बाजू सांगतात. राणी आणि दासी यांना बोलायला सारखी जागा मिळाली. दुसरं, संजीवनी विद्या घेऊन निघून गेलेला कच महाभारतात या संसारात परतत नाही. खांडेकरांनी त्याला पुन्हा आणलं आणि भोगात बुडालेल्या राजासमोर संयमी माणूस म्हणून उभं केलं.

तिसरा बदल मला सगळ्यात मोठा वाटतो. महाभारतातला ययाति मुलाचं तारुण्य हजार वर्षं भोगतो, मग त्याला कळतं की भोगानं तृप्ती होत नाही. खांडेकरांचा ययाति ते तारुण्य काही क्षणांतच परत करतो. हजार वर्षांचे काही क्षण झाले! माझ्या मते हा बदल मास्तरांनी केलेला आहे. अठरा वर्षं मुलांसमोर उभा राहिलेला माणूस एका मुलाची हजार वर्षं बापाच्या शहाणपणासाठी खर्च होऊ देईल कशी?

याच गोष्टीवर १९६१ मध्ये गिरीश कार्नाडांचं कन्नड नाटक आलं. ते तेव्हा विशी-तेविशीतले, परदेशी शिकायला जाण्याच्या दिवसांत त्यांनी ते लिहिलं. त्यात पुरूची बायको चित्रलेखा या सौद्याचा जाब विचारते आणि तिचाच बळी जातो. एकसष्टीच्या लेखकानं बापाला शहाणं केलं, तरुण लेखकानं किंमत कुणाला मोजावी लागते ते दाखवलं. आणि आपल्या याच गंगापूर रोडच्या परिसरात ज्यांचं स्मारक आहे, त्या तात्यासाहेब शिरवाडकरांनी १९६६ मध्ये 'ययाति आणि देवयानी' रंगभूमीवर आणलं. अभिषेकीबुवांच्या चालींमुळे त्यातली पदं आजही गायली जातात. सात-आठ वर्षांत तिघांना एकच कथा पुन्हा सांगाविशी वाटली.

आपण आता चाळिशीत आहोत. आपली मुलं नववी-दहावीत, काहींची बारावीत. याच रस्त्यावरचे क्लासचे फलक बघा, प्रत्येक फलकावर कुणाच्या तरी मुलाचा फोटो आणि गुण. आपल्याला डॉक्टर व्हायचं होतं, आपलं आयआयटी हुकलं, आपल्याला अमेरिकेला जायचं होतं. ते राहिलेलं मुलांकडून पुरं करून घ्यायची इच्छा आपल्या पिढीत फार जोरात आहे. शाप नसतानाही आपण त्यांची वर्षं मागतो. आणि ती पुरूसारखीच देतात, कारण त्यांचा आपल्यावर जीव असतो. म्हणून तर ती मागताना जपायला हवं.

समोर बसलेल्या सरांनी आणि बाईंनी आपल्याला शिकवलं, पण आपली वर्षं स्वतःसाठी कधी मागितली नाहीत. ज्याचा निबंध चांगला त्याला निबंध लिहू दिला, ज्याचं मैदानावर लक्ष त्याला मैदानावर सोडलं.

तेव्हा विनंती एवढीच. घरी गेल्यावर 'ययाति' काढा, नसेल तर विकत घ्या. आपण विशीत वाचली असेल तेव्हा देवयानी-शर्मिष्ठेचं भांडण आवडलं असेल. आता पुरूचा भाग सावकाश वाचा. आणि वाचून झाली की मुलाला विचारा, "तुला काय व्हायचंय?" उत्तर देताना मात्र मध्येच बोलू नका.