मंडला : साधनाचे काम आणि हाताचे काम

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मंडला काढणाऱ्यांची संख्या आपल्याकडे गेल्या काही वर्षांत खूप वाढली आहे. स्टेशनरीच्या दुकानांत गोल स्टेन्सिल टांगलेले दिसतात, सुट्टीच्या शिबिरांत मंडलाचे वर्ग भरतात. नुकतीच निवृत्त झालेली माणसे काय आणि दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली मुले काय, अनेक जण तासन् तास वर्तुळे भरत बसतात. या साऱ्यांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : "हाताने काढलंत की स्टेन्सिलने?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, पण स्टेन्सिलचे नाव घेताना उत्तर देणारा ओशाळतो. त्याने ओशाळू नये, एवढ्यासाठी मी आज उभा आहे. मंडला ही मुळात मोजमापाची कला आहे. दोरी, खुंटी, कंपास आणि छाप ही तिची पहिल्यापासूनची साधने आहेत. साधन वापरल्याने चित्राला कमीपणा येत नाही. साधनाने नेमके काय केले हे काढणाऱ्याला उमगले नाही, तर मात्र चित्र तिथेच अडते.

जुन्या गोष्टींपासून सुरुवात करतो. बौधायन, आपस्तंब, कात्यायन यांची शुल्बसूत्रे यज्ञवेदी कशी आखावी हे सांगतात. त्यांतली बहुतेक भूमिती दोरी आणि खुंट्यांवर चालते. पूर्व-पश्चिम रेषा काढण्याची कात्यायनाची रीत पाहा. सपाट जमिनीवर शंकू, म्हणजे उभी काठी, रोवायचा आणि शंकूच्या उंचीएवढ्या दोरीने त्याच्याभोवती वर्तुळ काढायचे. सकाळी आणि दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळाला जिथे जिथे टेकेल तिथे खुणा करायच्या. त्या दोन खुणा जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. वेदीची पहिली रेष सूर्य, काठी आणि दोरी यांनी मिळून काढलेली आहे. नुसत्या नजरेच्या अंदाजावर तिथे कुणी विसंबत नव्हते.

आपल्या वेरूळला चला. बाराव्या लेण्यात, म्हणजे तीन तालात, भिंतीवर नऊ चौकटींचे मंडल कोरलेले आहे. मधल्या चौकटीत बुद्ध आणि भोवतीच्या आठ चौकटींत आठ बोधिसत्त्व. इथे वर्तुळ नाही. तीन आडव्या आणि तीन उभ्या ओळींची जाळी आहे, आणि प्रत्येक मूर्तीची जागा त्या जाळीने ठरवून दिली आहे. मंडलाचा प्राण गोलाईत नसून केंद्र आणि त्याच्याभोवतीची नेमून दिलेली जागा यांत आहे, हे या शिल्पापुढे उभे राहिले की लगेच पटते.

तिबेटी भिक्षू रंगीत वाळूचे मंडल घालतात तेव्हा वाळूला हात लावण्याआधी बराच वेळ आखणीत जातो. खडू लावलेली दोरी ताणून सोडायची, तिचा ठसा म्हणजे अक्ष. मग पट्टी आणि मोठा कंपास. ही सगळी मापे त्यांना पाठ असतात, कारण ती ग्रंथांत ठरवून दिलेली आहेत. कालचक्र मंडलात 722 देवतांची जागा असते, ती अंदाजाने सापडणार कशी? वाळू घालायलाही खास साधन लागते. चकपूर नावाची निमुळती धातूची नळी असते आणि तिच्या अंगावर खाचा असतात. दुसऱ्या नळीने त्या खाचांवर घासले की कंप निर्माण होतो आणि वाळूची धार पडू लागते. हळू घासले तर थोडे कण, जोरात घासले तर जास्त. हातातली सगळी कला त्या घासण्याच्या लयीत असते. मंडल पूर्ण झाले की वाळू गोळा करून वाहत्या पाण्यात सोडतात.

आता खास स्टेन्सिलकडे येऊ. मथुरा-वृंदावनात पितृपक्षात सांझी घालतात. कारागीर कात्रीने कागद कोरून छाप तयार करतात. मंदिरात मातीची अष्टकोनी वेदी बांधतात. एकेका रंगासाठी वेगळा छाप ठेवून त्यावरून कोरडी रंगपूड चाळतात. मध्यभागी कृष्णलीलेचा प्रसंग असतो आणि त्याला वेढणाऱ्या वेलबुट्टीच्या पट्ट्या. हे संपूर्ण काम स्टेन्सिलचे आहे, तरी त्याला कुणी नक्कल म्हणत नाही. छाप कोरणाऱ्याची कात्री आणि पूड चाळणाऱ्याचा हात दोन्ही पारखणारे लोक तिथे आहेत. आपल्याकडेही भोके पाडलेले रांगोळीचे छाप आणि दाराबाहेर झरझर फिरवायची रांगोळीची नळी घरोघर होती. मिरवणुकीच्या वाटेवर मोठी रांगोळी घालताना दोरीला खडू बांधूनच वर्तुळे फिरवतात. तेव्हा साधनाची लाज वाटायला आपल्या परंपरेत तरी कारण सापडत नाही.

आता प्रत्यक्ष कागदाकडे वळतो. साधने मोजकीच लागतात. घट्ट स्क्रूचा कंपास, पूर्ण वर्तुळाचा कोनमापक, पट्टी, टोकदार एचबी किंवा टूएच पेन्सिल, चांगला खोडरबर आणि पाण्याने न फुटणाऱ्या शाईची दोन-तीन जाडीची पेने. कंपासची सुई कागदाला भोक पाडते, म्हणून केंद्रावर मास्किंग टेपचा छोटा तुकडा चिकटवावा.

पहिले खरे काम म्हणजे वर्तुळाचे भाग पाडणे. कंपास हाती आला की मुले सहा पाकळ्यांचे फूल काढतात. ते जमते, कारण वर्तुळात बसणाऱ्या सुसम षट्कोनाची बाजू त्रिज्येएवढीच असते. उघडलेला कंपास तसाच सहा वेळा चालवला की फेरी बरोबर पूर्ण होते. प्रत्येक भाग दुभागला की बारा. काटकोन दुभागत गेलात की आठ, सोळा, बत्तीस. पाच भागही कंपास आणि पट्टीने अचूक करता येतात. सात आणि नऊ मात्र करता येत नाहीत. 1796 साली गणितज्ञ गाउसने सतरा भाग अचूक करता येतात हे दाखवले, आणि 1837 साली वॉन्त्झेलने कोणत्या रचना कंपास आणि पट्टीने होऊच शकत नाहीत याची सिद्धता दिली. सात भाग त्या न होणाऱ्यांत मोडतात.

मग सात पाकळ्यांचा मंडला काढायचाच नाही का? काढायचा, आणि त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. त्रिज्येएवढ्या बाजूचा समभुज त्रिकोण काढा, त्याची उंची कंपासात धरा आणि ती वर्तुळावर सात वेळा चालवा. त्रिज्या 10 सेंटिमीटर असेल तर ही उंची 8.66 सेंटिमीटर येते. खऱ्या सुसम सप्तकोनाची बाजू असते 8.68. फरक दोन दशांश मिलिमीटरच्याही आतला, डोळ्यांना न दिसणारा. पण तो सातही पावलांत साठत जातो. सातवी खूण पहिल्या खुणेपाशी येते तेव्हा जवळजवळ 1.4 मिलिमीटरची फट उरते आणि ती लगेच दिसते. उपाय सोपा आहे. कंपास त्या फटीच्या सातव्या हिश्शाएवढा, म्हणजे केसभर उघडा आणि पुन्हा चालवा. फट मिटते. कोनमापकाचेही तसेच. 10 सेंटिमीटर त्रिज्येवर एक अंश म्हणजे 1.7 मिलिमीटर. खूण अर्ध्या अंशाने हुकली तरी पाकळी शेजारणीपेक्षा लठ्ठ दिसते. म्हणून कोनमापक मोठा घ्यावा. आणि भाग सम असतील तेव्हा रेषा केंद्रापासून न ओढता समोरासमोरच्या दोन खुणा जोडून आरपार ओढावी. ती केंद्रातून गेली नाही, तर चूक तिथल्या तिथे कळते.

मंडलाचा सगळ्यात मोठा धडा यानंतर येतो. भाग सोळा पाडलेत असे समजा. केंद्रापासून 2 सेंटिमीटरवर दोन अक्षरेषांमधला कंस जेमतेम 8 मिलिमीटरचा असतो. 10 सेंटिमीटरवर तोच जवळजवळ 4 सेंटिमीटर होतो. आत नाजूक दिसणारी पाकळी बाहेरच्या कड्यात पाचपट रुंद होते, आणि शिकणाऱ्याला वाटते आपले चित्र बाहेर जाताना पोकळ का होते? उत्तर भूमितीत आहे. बाहेर जाताना भाग दुप्पट करावे लागतात, नाहीतर रुंद पाकळीच्या पोटात दुसरी पाकळी, मग तिसरी, अशी भर घालावी लागते. श्रीयंत्र पाहा. त्रिकोणांच्या बाहेर आठ दलांचे कमळ आणि त्याच्या बाहेर सोळा दलांचे. बाहेरच्या कड्याला जास्त दले हवीतच, ही गोष्ट वर्तुळ स्वतःच आपल्याला सांगते.

आता स्टेन्सिल हातात घेऊ. विकतच्या प्लास्टिक स्टेन्सिलमध्ये नक्षीभोवतीचे वर्तुळ सलग कापलेले नसते. कापले तर मधला तुकडा गळून पडेल. म्हणून कंसांच्या मध्ये छोटे सांधे राखलेले असतात. सांझीच्या कागदालाही असेच सांधे असतात आणि कारागीर ते वेलीच्या देठात, पानाच्या शिरेत मिसळून टाकतो. नवखा माणूस स्टेन्सिल गिरवतो आणि सांध्यांच्या जागी तुटलेली रेघ तशीच ठेवतो. जाणकार स्टेन्सिल उचलतो, त्या जागा पाहतो आणि ठरवतो : इथे रेघ जोडायची की फट राखायची?

वापराच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. स्टेन्सिलवर मार्करने उभी आणि आडवी अक्षरेषा काढून ठेवा. ती कागदावरच्या पेन्सिलच्या अक्षांवर बसवा आणि मास्किंग टेपने कडा धरा. तसे केले नाही, तर स्टेन्सिल फिरवताना थोडा थोडा सरकतो आणि सोळावी पाकळी पहिलीवर चढते. पेन उभे धरा. तिरके धरले की टोक कडेखाली शिरते. आणि शक्य असेल तेव्हा स्टेन्सिलने पेन्सिलच चालवा, शाई हाताने. ओली शाई प्लास्टिकच्या कडेखाली शोषली जाते आणि रेघेला मिशा फुटतात, हे एक कारण. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. स्टेन्सिलची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची असते. हाताची रेघ पाकळीच्या पोटाशी जाड होते, टोकाशी बारीक होत सुटते. पाकळी वळली आहे हे डोळ्यांना त्या फरकातून कळते.

हाताचे काम नेमके कोणते, याचे उत्तर इथे मिळते. आखणी साधनाची असते, निवड माणसाची. कोणते कडे अरुंद ठेवायचे आणि कोणते रुंद? सगळी कडी सारख्या अंतरावर ठेवली की चित्र एकसुरी होते. अरुंद, रुंद, पुन्हा अरुंद असा चढउतार असला की नजर केंद्राकडून बाहेर आणि बाहेरून केंद्राकडे फिरत राहते. काळा रंग कुठे भरायचा? पाकळ्यांच्या मागे भरला तर पाकळ्या पुढे येतात, पाकळ्यांतच भरला तर मागे जातात. मोकळे कुठे सोडायचे? भरत सुटण्याचा मोह मंडलात सगळ्यांना होतो. एक संपूर्ण कडे कोरे ठेवायला जास्त धीर लागतो, आणि त्या कोऱ्या कड्यामुळेच आजूबाजूची नक्षी दिसते. हे निर्णय कोणताही स्टेन्सिल घेत नाही. एक रेघ ओढली की सोळा रेघा उमटवणारे अॅपही घेत नाही.

मंडला काढल्याने मन शांत होते असे नेहमी ऐकू येते. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस रोज सकाळी वहीत एक छोटे वर्तुळचित्र काढत असे आणि त्यात आपल्या त्या दिवसाच्या मनःस्थितीचा माग घेत असे. मला वाटते, शांत होणे हे लक्ष देण्याचे फळ आहे. सोळावी पाकळी पहिलीइतक्याच काळजीने काढावी लागते. आखणीची चिंता कंपासने आणि स्टेन्सिलने आपल्या डोक्यावरून उतरवली, की हे लक्ष देणे शक्य होते. साधनाचा सगळ्यात मोठा उपकार हाच.

शेवटी एक मागणे आहे, विशेषतः पालकांकडे आणि चित्रकला शिक्षकांकडे. आपल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांमुळे संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती हे शब्द महाराष्ट्रातल्या किती घरांना ओळखीचे आहेत! मुलांना वाटते हे दोन वेगळे विषय आहेत. मंडलात ते एक होतात. तेव्हा या सुट्टीत मुलांना तयार स्टेन्सिल जरूर द्या, पण त्याबरोबर त्यांना स्वतःचा स्टेन्सिलही करायला लावा. त्याला खर्च काही नाही. जाड कागदावर वर्तुळ काढून ते बारीक रेषेवर कापून घ्यायचे. तीन वेळा घडी घातली की आठवा हिस्सा हाती येतो. घडीच्या कडेवर अर्धी पाकळी काढायची आणि छोट्या कात्रीने कापायची. घडी पूर्ण कापली तर कागदाचे तुकडे होतील. म्हणून कुठे कापायचे आणि कुठे सांधा राखायचा, हे मुलाला स्वतःच ठरवावे लागेल. कागद उलगडेल तेव्हा त्याला कळेल की समोरचे चित्र अर्ध्या पाकळीतून आले आहे. एवढे कळलेले मूल पुढे कोणताही स्टेन्सिल हाती घेईल तेव्हा त्याच्या रेघांमागची आखणी वाचू शकेल, हवी तिथे ती मोडेल आणि स्वतःची मांडेल. मोठ्यांनीही हे करून पाहावे. कात्री आणि कागद प्रत्येकाच्या घरी आहेत, आणि सुरुवातीला तेवढे पुरेसे आहेत.